शनिवारची नोंद नाही

“केतकी, काल तू म्हणालीस तसं द्रावणात मीठ कमी करून बघितलं. जमलं गं!”

इम्तियाज मुजावर बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. हातातली काचपट्टी उजेडाकडे धरून तो उगाचच तिच्यात काहीतरी शोधू लागला.

केतकी वायंगणकरने खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. बाळंतपणाच्या सहा महिन्यांच्या रजेनंतर वेंगुर्ल्याच्या सागरद्रव्य संशोधन संस्थेतला तिचा हा पहिला दिवस. त्या दिवसाची अजून पाच मिनिटंही झाली नव्हती.

“काल? काल मी अबोलीला लस टोचायला नेलं होतं, इम्तियाज.”

“म्हणजे... मागं कधीतरी म्हणाली होतीस. चहा घेऊया?”

इम्तियाज चहा पीत नाही, हे तिला पाच वर्षं ठाऊक होतं.

तिच्या टेबलावर धूळ नव्हती. कुंडीतल्या तुळशीला कोणीतरी पाणी घालत होतं. सगळे गोड बोलत होते, आणि ती जवळ आली की बोलणं जरा आखडतं घेत होते. दुपारी तिने मागच्या मिटिंगांची इतिवृत्तं उघडली. संस्थेत दर बुधवारी मिटिंग होते. रजेच्या सहा महिन्यांत सव्वीस बुधवार आले होते. सव्वीसही कागदांवर एकच ओळ होती: हजर सदस्य, डॉ. मिलिंद सोनटक्के, इ. मुजावर, के. वायंगणकर.

तिने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. बारा ऑगस्टच्या बुधवारी सकाळी ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती आणि तिच्या पोटातून अबोलीला बाहेर काढत होते. त्या दिवशीही ती हजर होती. नुसती हजर नव्हती, तर तिने ‘सरांच्या प्रस्तावाला सहमती दर्शवली’ होती.

मागच्या अंगणात खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या. सुलभाताई तांडेल तिथे शिंपल्यांतल्या कालवांच्या जाळ्या झाडत होत्या. संस्थेत एकोणीस वर्षं काढलेली ही बाई कुठल्याच संशोधक-यादीत नव्हती, पण कुठल्या टाकीतलं कालव कधी रुसतं हे तिच्याइतकं कोणालाच कळत नसे.

“इलंस? बरां झालां गो. चेडू कसां आसा?”

“मजेत. सुलभाताई, मी नसताना बुधवारी माझ्या जागी कोण बसत होतं?”

सुलभाताईंनी जाळी दोनदा जास्तच झाडली. “माका काय ठावक? मी काय मिटिंगीत बसतंय? पण तुझो आवाज ऐकलंय मी, दाराभायेर झाडताना. माका वाटलां, फोनार बोलता आसतलंस.”



*

संस्थेचं सगळं लक्ष तेव्हा ‘कालवबंध’ नावाच्या एका लेपावर होतं. कालवाचं पिल्लू खवळलेल्या पाण्यात खडकाला स्वतःला चिकटवून घेतं आणि मग मरेपर्यंत सुटत नाही. ओल्या जागी धरणारा तसाच डिंक माणसाने अजून नीट बनवलेला नव्हता. या तिघांनी तो बनवला होता. वाहत्या रक्तावर लावला की चाळीस सेकंदांत दगडासारखा धरायचा. सोनटक्के सर त्यातून बोटींच्या तळाच्या फटी बुजवायचं लुकण काढणार होते. सिझेरियन झालेल्या बाईच्या गर्भाशयावर तो लावावा, तिथलं रक्त थांबवावं, ही कल्पना चार वर्षांपूर्वी एका शनिवारी निघाली.

शनिवारी सगळे मिळून टाक्या धुत. ढोपरापर्यंत पाणी, हातात ब्रश, डोक्यावर पंपाची घरघर. त्या घरघरीत माणसं मोकळी बोलत. केतकीला सरांचं म्हणणं पटलं नसेल तर ती मिटिंगमध्ये कधी बोलायची नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत कशाला आडवं जायचं? ती शनिवारपर्यंत थांबायची आणि टाकी घासता घासता म्हणायची, “सर, मला आपलं वाटतं हं...” सर हूं हूं करायचे. पुढच्या बुधवारी तीच गोष्ट सर आपल्या तोंडाने मांडायचे आणि केतकी म्हणायची, “ठीक आहे सर, चालेल.” यात चोरी नव्हती. सगळ्यांना माहीत असलेली ती एक सोय होती. गर्भाशयाची कल्पनाही अशीच शनिवारी तिच्याकडून निघून बुधवारी सरांकडून आली होती.

*

सरांनी तिला समोर बसवलं, स्वतः उठून पंखा तिच्याकडे वळवला.

“रागावलीस? साहजिक आहे. पण ऐकून घे. मी तुला वगळलं नाही, केतकी. उलट तुझ्याशिवाय एक मिटिंग केली नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यातलं निम्मं तिला माहीत होतं.

निधी मंडळाने दहा वर्षांपूर्वी देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक यंत्र बसवलं होतं. त्याचं नाव कानोसा. मिटिंगच्या टेबलावरची ती तळहाताएवढी डबी. कोण किती बोललं, कोणी कोणाला तोडलं, कुठली कल्पना कोणाकडून निघून कोणाकडे गेली, हे ती टिपते आणि एकमेकांपासून लांबच्या किती गोष्टी या माणसांनी जोडल्या हे मोजते. हजारो संघांच्या नोंदी जमल्यावर दिसलं, की नुसत्या पुरुषांच्या किंवा नुसत्या बायकांच्या संघांपेक्षा मिसळलेले संघ जास्त नवं शोधतात आणि ते जास्त टिकतं. का, यावर पंडितांची भांडणं चालूच होती. कोणी म्हणे, बायका वेगळे प्रश्न विचारतात. कोणी म्हणे, तसं काही नाही, समोरचा आपल्यासारखा नसला की माणूस गृहीत धरणं सोडतो आणि नीट समजावून सांगतो, तिथेच चूक सापडते. मंडळाने भांडण मिटायची वाट पाहिली नाही, नियम केला: संघात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. तिघांच्या संघात एक.

“आणि ती एक बाळंतपणाला गेली,” सर म्हणाले. “संघच बरखास्त झाला असता. म्हणून मंडळाने छायेची परवानगी ठेवलीय. पाच वर्षांतलं तुझं मिटिंगमधलं सगळं बोलणं, तुझ्या वह्या, तुझी टिपणं, यांवरून कानोसाने तुझी छाया तयार केली. ती तुझ्यासारखा विचार करते, तुझ्या आवाजात बोलते, आणि तिचं मत तुझं म्हणून धरलं जातं. संमतीपत्रावर तुझीच सही आहे.”

सही तिचीच होती. आठव्या महिन्यात, पाय सुजलेले असताना, तिने एका बैठकीत चौदा कागदांवर सह्या केल्या होत्या.

“त्यात दोन महिने लिहिलं होतं, सर.”

“पुढचे चार महिने फोनवर वाढवून घेतले. निनादशी बोलणं झालं होतं माझं.” सर पुढे झुकले. “आणि खरं सांगू? ती आहे म्हणून तुला धावपळ नको. बाळ लहान आहे. हवं तेव्हा ये, हवं तेव्हा जा. बुधवारी छाया बसेल. पगार तुझा, शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. कुठल्या आईला असं मिळतं, सांग बरं?”

त्या क्षणी तिला ते हवंसं वाटलं, अगदी पोटातून हवंसं वाटलं. दुपारी तीनला घरी असणं, अबोली झोपेतून उठते तेव्हा तिच्या केसांचा घामट गोड वास घेणं. सर इतकी साखर का पेरतायत, ही शंका मागाहून आली.

*

तिचा नवरा निनाद काजूच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. तो घरी आला तेव्हा केतकी अबोलीला नाचणीची पेज भरवत होती. अर्धी पेज हनुवटीवर आली होती.

“सरांचा फोन तुला आला होता?”

“कधी?”

“निनाद.”

तो शर्टाच्या बाह्या दुमडत राहिला. “अगं, तू हॉस्पिटलात होतीस. ताप होता तुला. ते म्हणाले, एक लहानशी मुदतवाढ आहे, केतकीला त्रास नको. मी हो म्हटलं.”

“माझ्या जागी?”

“तुझ्यासाठी.”

“मला सांगितलं का नाहीस? सहा महिन्यांत एकदा तरी?”

“तू झोपत नव्हतीस, जेवत नव्हतीस. त्यात हे कुठं घालू?” त्याने लेकीची हनुवटी पुसली. “मला वाटलं, तू हो म्हटलंच असतंस. तू सरांना नेहमी हो म्हणतेस.”

राग येण्याआधी तिला भीती वाटली. सहा वर्षं संसार केलेल्या माणसालाही तिचं उत्तर पाठ होतं. मग यंत्राला का नसावं?

*

बुधवारी ती मिटिंगला बसली. तिच्या खुर्चीशेजारी टेबलावर कानोसाची डबी होती, हिरवा दिवा लागलेली.

विषय एकच. पुढच्या गुरुवारी कालवबंधची फाइल चाचणी समितीकडे जायची. पहिल्या टप्प्यात बारा बाळंतिणी. शेळ्यांवरचे निकाल उत्तम होते. लेप धरला, रक्त थांबलं, जखम भरली. सरांनी विचारलं, “काही शंका?”

“नाही सर,” डबी म्हणाली. आवाज केतकीचा होता. किंचित घोगरा, शेवटचा शब्द जरा वर नेणारा. “ठीक आहे सर, चालेल.”

इम्तियाज तिच्याकडे बघत नव्हता. केतकीने विचारलं, “शेळ्यांची सविस्तर नोंद मला वाचायला मिळेल?”

“तू वाचलीस की,” सर म्हणाले आणि स्वतःच हसले. “म्हणजे तिने वाचलीय. पण घे, घे.”

तिने ती गुरुवारी वाचली, संस्थेच्या पाळणाघरात, अबोलीला पदराखाली घेऊन. एका हातात लेक, दुसऱ्या हातात कागद. पान अकरा, ओळ चौथी: ‘जखमेला धक्का लागू नये म्हणून करडे जन्मतःच वेगळी ठेवून बाटलीने दूध पाजले.’

अबोलीने डोळे मिटून जोरात ओढलं. केतकीच्या अंगाला आठवण झाली, मनाला नंतर. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस. लेक छातीशी लागली की ओटीपोटात पिळा पडायचा, इतका की ती पलंगाची दांडी धरायची. नर्स म्हणायची, “चांगलं आहे हो, पोट आत जातंय.” बाळ दूध ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून एक द्रव्य सुटतं. त्याने पान्हा येतो आणि त्यानेच गर्भाशय आवळतं. बाळंतपणानंतर कलिंगडाएवढं असलेलं ते सहा आठवड्यांत मुठीएवढं होतं.

आणि त्यावर दगडासारखा धरलेला लेप.

फुगवलेल्या फुग्यावर कडक कागद चिकटवला आणि हवा सोडली तर काय होतं, हे शाळेतलं पोर सांगेल. प्रयोगातल्या शेळ्यांना पोरं प्यायलीच नव्हती. त्यांची पोटं सावकाश, हळूहळू आवळली होती. बारा बाळंतिणी मात्र पहिल्याच दिवशी लेकरं छातीला लावणार होत्या.

*

शनिवारी टाक्या धुवायला ती आली, तेव्हा सुलभाताई एकट्याच होत्या. छाया आल्यापासून सर आणि इम्तियाज शनिवारी येईनासे झाले होते. शंका सांगायला माणूसच नव्हतं, तर कशाला येतील?

केतकीने गोठ्याच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. चार दिवसांपूर्वी लेप लावलेल्या दोन शेळ्या तिथे होत्या, आणि भिंतीपलीकडे त्यांची करडं ओरडत होती.

“सोडू?” सुलभाताईंनी विचारलं.

“सोडा.”

करडं धडपडत आली आणि आयांच्या कासेला ढुशा देऊ लागली. शेळ्यांनी मान वळवून त्यांना हुंगलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा दांडा पोटावर धरला, केतकीने चित्रफीत चालू केली. पडद्यावर लेपाची पांढरी रेघ सरळ दिसत होती. पहिल्या पाजणीला काही नाही. दुसऱ्या पाजणीला रेघेला बाक आला. तिसऱ्या वेळी दोघींपैकी लहान शेळीच्या पडद्यावर रेघेचं एक टोक उचललं आणि खाली काळं काहीतरी पसरू लागलं.

“रक्त,” डॉक्टर म्हणाले आणि करडाला बाजूला सारून टाक्यांचं सामान मागवलं.

शेळी वाचली. सुलभाताई शेवटपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “ह्या तुझ्या छायेक कसां कळला नाय गो? ती तूच ना?”

केतकीने संध्याकाळी मिटिंगच्या रिकाम्या खोलीत जाऊन डबीलाच विचारलं. “दोन हजार चौतीसच्या मार्चमध्ये सरांना बोटीचं लुकण करायचं होतं. माझं मत काय होतं?”

“सरांच्या प्रस्तावाशी मी सहमत होते,” तिचा आवाज म्हणाला.

“आणि त्या शनिवारी टाकी धुताना मी काय म्हणाले होते?”

“शनिवारची नोंद माझ्याकडे नाही.”

केतकी खुर्चीत बसली. ती सरांवर संशय घेत होती, निनादवर, इम्तियाजवर, या डबीवर. डबीने काहीच बदललं नव्हतं. पाच वर्षांच्या बुधवारांत केतकीने जे दिलं, तेच तिने परत दिलं होतं.

*

पुढचा बुधवार. फाइल उद्या जायची होती.

केतकीने चित्रफीत दाखवली. रेघ वाकताना इम्तियाज पुढे सरकला. टोक उचललं तेव्हा त्याने “या अल्ला” म्हटलं, अगदी हळू.

सरांनी चष्मा काढून पुसला. “एक शेळी, केतकी. एकीवरून काय सिद्ध होतं? फाइल थांबवली तर वर्ष जाईल. हे आपण दुसऱ्या टप्प्यात घालू.”

“पहिल्या टप्प्यात बारा जणी आहेत, सर.”

“आणि बारा डॉक्टर. त्यांच्यावर लक्ष असेलच ना? मी म्हणतो, फाइल जाऊ दे. हरकत?”

“ठीक आहे सर,” डबी म्हणाली. “चालेल.”

केतकीचे स्वतःचे ओठही हललेले होते. ठ या अक्षरापर्यंत ते आलेले होते. डबी अर्धा क्षण आधी बोलली नसती तर तिनेच ते म्हटलं असतं आणि शनिवारची वाट पाहिली असती. फाइल मात्र गुरुवारी जाणार होती.

“नाही सर,” ती म्हणाली. आवाज चिरका आला. तिने पुन्हा म्हटलं. “नाही. चालणार नाही. लेप लवचीक होईपर्यंत हा बाईच्या पोटावर लावायचा नाही. पाजणाऱ्या शेळ्यांवर पूर्ण चाचणी व्हायला हवी. आणि तुम्ही हे माझ्या नावाने लिहा, आजच्या तारखेने.”

भिंतीवरच्या पडद्यावर कानोसाची सूचना उमटली: ‘सदस्य के. वायंगणकर यांची दोन मते नोंदली आहेत. संघप्रमुखांनी ग्राह्य मत निवडावे.’

सरांचं बोट टेबलावर थांबलं. पाच वर्षांत त्यांनी तिला खूप दिलं होतं. पहिली नोकरी, पहिला शोधनिबंध, अबोलीच्या बारशाला चांदीचा वाळा. ते तिच्याकडे बघत होते, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे बघावं तसे.

“सर,” इम्तियाज म्हणाला, “मला ती फिल्म परत बघायचीय.”

“केतकी, विचार कर. तू छाया काढून घेतलीस तर सहा महिन्यांची संघरचना परत मोजतील. त्यात बाई नाही, म्हणून संघ राहणार नाही. तू म्हणतेस त्या चाचण्या मग करणार कोण?”

सरांनी घाबरवायला म्हटलं असेल, तरी ते खोटं नव्हतं. तिने पिशवीतून फोन काढला. फोनवर अबोलीच्या बोटांचे चिकट ठसे होते, ते तिने ओढणीने पुसले. मग सही केलेलं ते पत्र उघडलं. ‘अनुपस्थिती-सातत्य संमती.’ खाली बारीक अक्षरांत: मागे घ्या.

“सर, तुम्ही निवडायची गरज नाही,” ती म्हणाली. “मी एकच मत ठेवते.”

तिने बोट दाबलं. संघरचना पुन्हा मोजली जाईल, असा इशारा आला. तिने पुढे जा म्हटलं. शेवटी एक रिकामी चौकट आली. संमती मागे घेण्याचे कारण लिहा.

बाहेर अंगणात पंप चालू झाला होता. सुलभाताई कोणावर तरी ओरडत होत्या. केतकीने चौकटीत लिहिलं: मी हजर आहे.

टेबलावरचा हिरवा दिवा विझला.